अल्टिमेट ३ एस : ४७५ किलोहर्ट्झवर सावकाश बीकन चालवण्याचं किट, कोल्हापूरच्या हिशेबाने

निकाल आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवा आहे त्यांचा वेळ जायला नको. क्यूआरपी लॅब्स या कंपनीचं अल्टिमेट ३ एस हे बीकन किट घेण्यासारखं आहे. बीकन म्हणजे ठरावीक संदेश आपोआप पुन्हा पुन्हा सोडणारा हौशी रेडिओचा छोटा ट्रान्समीटर. वेळ पाळणं, वारंवारता धरून ठेवणं आणि संदेश बिनचूक सोडणं ही त्याची तीन कामं, आणि ती तिन्ही ते चोख करतं. पण ४७५ किलोहर्ट्झवर किट हा स्टेशनचा सगळ्यात छोटा भाग असतो. खरं स्टेशन म्हणजे तार, कॉइल आणि आर्थिंग. गॅलरीत दहा फूट वायर टांगून कोणी हे किट सुरू केलं तर पदरी निराशा येणार, आणि दोष किटाचा नसणार. उलट करवीर, कागल, पन्हाळा या बाजूला शिवारात थोडी मोकळी जागा आणि दहा मीटर उंच आधार ज्यांच्याकडे आहे, त्यांनी बिनधास्त मागवावं. म्हणून या परीक्षणात किटावर कमी आणि त्याच्याभोवतीच्या गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

किटात आत आहे एटीमेगा ३२८ हा मायक्रोकंट्रोलर, एसआय५३५१ए हा वारंवारता तयार करणारा सिंथेसायझर, दोन ओळींचा एलसीडी, दोन बटणं आणि शेवटच्या टप्प्यात बीएस१७० हा छोटा मॉसफेट (पॉवर देणारा ट्रान्झिस्टर). पाच व्होल्टवर एका बीएस१७० मधून साधारण २०० मिलीवॉटच्या आत-बाहेर पॉवर मिळते. बोर्डावर तीन बीएस१७० समांतर लावायची सोय आहे आणि पॉवर स्टेजला वेगळा, जास्त व्होल्टेजचा सप्लाय देता येतो. क्यूआरएसएस, डीएफसीडब्ल्यू, डब्ल्यूएसपीआर, डब्ल्यूएसपीआर-१५, जेटी९, ऑपेरा, हेलश्रायबर असे बरेच मोड, म्हणजे संदेश पाठवण्याच्या पद्धती, त्यात भरलेले आहेत, आणि एकामागून एक वेगवेगळे मोड लावून ठेवता येतात. एकदा सेटिंग भरलं की कॉम्प्युटर लागत नाही. शेतातल्या खोलीत बॅटरीवर बीकन चालवायचा तर हाच मोठा फायदा. लो-पास फिल्टर (नको त्या वरच्या वारंवारता अडवणारा), जीपीएस आणि डबा हे मात्र वेगळे मागवावे लागतात. त्यातला डबा ऐच्छिक समजा, बाकी दोन नाहीत.

सावकाश पाठवून नेमकं काय मिळतं ते आकड्यांत पाहू. १२ शब्द प्रतिमिनिट या वेगाच्या मोर्समध्ये एक डॉट ०.१ सेकंदाचा असतो. क्यूआरएसएस म्हणजे अतिसावकाश मोर्स, आणि क्यूआरएसएस-३० मध्ये तोच डॉट ३० सेकंदांचा होतो. म्हणजे ३०० पट सावकाश. रिसीव्हरला तितक्याच पटीने अरुंद खिडकीतून पाहता येतं आणि गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल जवळपास २५ डेसिबलने वर येतो. दोनशे मिलीवॉटच्या जागी साठ वॉट लावल्यासारखा हा फरक आहे. किंमत मोजायची ती वेळेत. नुसतं ‘व्हीयू२’, म्हणजे भारतीय कॉलसाइनची (परवान्यावरच्या ओळख-संकेताची) सुरुवात, पाठवायला ३७ डॉटांइतका वेळ लागतो: क्यूआरएसएस-१० ला सहा मिनिटांहून थोडा जास्त, क्यूआरएसएस-३० ला साडेअठरा मिनिटं. म्हणून या बँडवर पूर्ण कॉलसाइन क्यूआरएसएसने पाठवायची तर डीएफसीडब्ल्यू निवडा. त्यात डॉट आणि डॅश एकाच लांबीचे असतात, फरक फक्त वारंवारतेचा, त्यामुळे बराच वेळ वाचतो. समोरच्याने स्पेक्ट्रम लॅब किंवा अर्गोसारख्या सॉफ्टवेअरवर ते डोळ्यांनी वाचायचं.

रोजच्या वापरासाठी डब्ल्यूएसपीआर बरा. जो टेलर यांनी २००८ साली आणलेल्या या मोडमध्ये कॉलसाइन, चार अक्षरी लोकेटर (नकाशावरच्या चौकटीचा संकेत) आणि पॉवर एवढंच जातं. १६२ चिन्हं, चार टोन, दोन टोनांत १.४६ हर्ट्झचं अंतर, पूर्ण सिग्नल ६ हर्ट्झमध्ये मावतो. सम मिनिट सुरू झाल्यावर एका सेकंदाने प्रसारण सुरू होतं आणि ११०.६ सेकंदांनी संपतं. रिसीव्हर आपोआप वाचतो आणि नोंद इंटरनेटवर जाते, कोणाला स्क्रीनकडे बघत बसावं लागत नाही.

आता बँड कोणता? हौशी सेवेला १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मिळाला आणि ४७२ ते ४७९ हा २०१२ च्या परिषदेत. दोन्हीकडे सर्वसाधारण मर्यादा १ वॉट ईआयआरपी, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या पॉवरचं माप. सुरुवात ४७५ पासूनच करा, याचं कारण पुढच्या हिशेबात आहे.

दहा मीटर उभी तार आणि वर तीस मीटर आडवी तार, असा उलटा ‘एल’ किंवा ‘टी’ धरा. उभ्या तारेला मीटरमागे साधारण ६ पिकोफॅरड आणि आडव्या तारेला ५ धरले तर एकूण २१० पिकोफॅरड येतात. अँटेनाची प्रभावी उंची दहा मीटर मानली तर ४७५ किलोहर्ट्झवर रेडिएशन रेझिस्टन्स (पॉवरचा लहरींत जाणारा वाटा दाखवणारा) सुमारे ०.४ ओहम, १३७ वर फक्त ०.०३३ ओहम. १ वॉट ईआयआरपी गाठायला ४७५ वर अँटेनात ०.९ अँपिअर पुरतो. आर्थिंगचा आणि अँटेना त्या वारंवारतेला जुळवणाऱ्या कॉइलचा मिळून तोटा ३० ओहम असेल तर २५ वॉटांत भागतं. १३७ वर ३.२ अँपिअर लागतो, आणि तोटा ८० ओहम धरला तर ८०० वॉट ओतावे लागतात. त्या वेळी कॉइलच्या वरच्या टोकाला १७ हजार व्होल्टच्या पुढे ताण असतो. ४७५ वर तोच ताण दीड हजाराच्या आत राहतो. १३७ साठी कॉइल साडेसहा मिलिहेन्रीची लागते, ४७५ साठी ५३५ मायक्रोहेन्रीची. पहिली म्हणजे मोठ्या ड्रमावरचं काम, दुसरी ड्रेनेजच्या पाइपाच्या तुकड्यावर होते.

याहून खाली, ८.२७ किलोहर्ट्झवर, युरोपातले काही हौशी लोक प्रयोग करतात. तिथे याच अँटेनाला १.७६ हेन्रीची कॉइल लागेल आणि रेडिएशन रेझिस्टन्स ०.१२ मिलिओहम असेल. तिथला मोड एबनॉट, आणि त्याला सिग्नलची फेज तासन् तास जीपीएसला बांधलेली लागते. अल्टिमेट ३ एसच्या मोडांच्या यादीत एबनॉट नाही. त्या वाटेला जायचं असेल तर हे किट घेऊ नका.

परवान्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. हौशी रेडिओचा परवाना नसेल तर हे किट डमी लोडवरच, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरवर, चालवायचं. परवाना असेल तर त्यातला वारंवारतांचा तक्ता काढून ४७२–४७९ तुमच्या श्रेणीला लागू आहे का आणि किती पॉवरला, ते ओळ न् ओळ वाचा. शंका असेल तर डब्ल्यूपीसीला (परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाला) लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत याच किटाने ४० किंवा २० मीटरच्या बँडवर डब्ल्यूएसपीआर चालवा. फिल्टर बदलला की झालं, किट तेच.

जोडणी

दोन संध्याकाळी हातात असल्या की बोर्ड जोडून होतो. पुस्तिका चांगली आहे, क्रमाने जा. चुका ठरावीक ठिकाणी होतात. टोरॉइडवर (कड्याच्या आकाराच्या चुंबकीय गाभ्यावर) गुंडाळलेल्या तारेचं एनॅमल नीट न खरवडता सोल्डर केलं की वरून सांधा चकचकीत दिसतो आणि आत करंट जात नाही. पॉवर आउटपुट शून्य आलं तर सगळ्यात आधी मीटर लावून हे सांधे तपासा. एलसीडी कोरा दिसला तर घाबरू नका, कॉन्ट्रास्टचा प्रीसेट (बोर्डावरचा फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवा. बीएस१७० च्या बायसचा (गेटला दिलेल्या स्थिर व्होल्टेजचा) प्रीसेट मात्र पहिल्यांदा पॉवर देताना शून्याच्या टोकाला असलाच पाहिजे. तो उलट्या टोकाला असेल तर मॉसफेट पूर्ण उघडतो आणि काही सेकंदांत जातो. आउटपुटला ५० ओहमचा डमी लोड लावून, पाच व्होल्टच्या सप्लायमध्ये अँपिअर मीटर ठेवून, बायस हळूहळू वाढवा. पॉवर वाढायची थांबली की तिथेच थांबा.

फिल्टर का सोडू नये? हा आउटपुट चौकोनी लाटेच्या जवळचा असतो. ४७५ चा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा नको असलेला सिग्नल, ९५० आणि तिसरा १४२५ किलोहर्ट्झवर पडतो, दोन्ही थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात. गावात अजून आकाशवाणी ऐकणारी माणसं आहेत.

सेटिंग

इथे एक चूक फार जण करतात. डब्ल्यूएसपीआरसाठी सगळीकडे ४७४.२ किलोहर्ट्झ असं लिहिलेलं असतं. तो रिसीव्हर यूएसबी (अप्पर साइडबँड) मोडवर ठेवून डायलवर लावायचा आकडा आहे. खरा सिग्नल त्याच्या १४०० ते १६०० हर्ट्झ वर, म्हणजे ४७५.६ ते ४७५.८ मध्ये असतो. किटात प्रत्यक्ष वारंवारता भरायची असते, म्हणून ४७५,७०० हर्ट्झच्या आसपासचा आकडा भरा. डायलचा आकडा भरलात तर बीकन रात्रभर चालेल आणि एकही नोंद येणार नाही. १३७ साठी डायल १३६.०, सिग्नल १३७.४ ते १३७.६.

‘फ्रेम’ १० मिनिटांची आणि ‘स्टार्ट’ एखाद्या सम मिनिटावर ठेवा. दहा मिनिटांत एकदा पाठवणं पुरेसं आहे, बाकी वेळ बँड इतरांचा. लोकेटर जीपीएसवरून आपोआप घेता येतो. हाताने भरायचा तर कोल्हापूर एमके७६ मध्ये येतं. सहा अक्षरी लोकेटरमध्ये शहराचा मध्यभाग एमके७६सीक्यू आहे, शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला गेलं की पाचवं अक्षर ‘सी’चं ‘डी’ होतं. साध्या डब्ल्यूएसपीआरमध्ये पहिली चारच जातात, त्यामुळे पेठेतून पाठवा की कागलच्या वाटेवरून, नकाशावर ठिपका एकाच चौकटीत पडणार.

पॉवरच्या रकान्यात या बँडवर ट्रान्समीटरची पॉवर न लिहिता ईआयआरपी लिहिण्याची पद्धत चांगली आहे, कारण वाचणाऱ्याला तिचाच उपयोग असतो. वरच्या अँटेनाला ३० ओहम तोटा असेल तर किटाचे नुसते २०० मिलीवॉट दिल्यावर ईआयआरपी ८ मिलीवॉटच्या आसपास येतो, म्हणून १० डीबीएम (१० मिलीवॉट) लिहा. पाच वॉट दिले तर जवळपास २०० मिलीवॉट, म्हणजे २३ डीबीएम.

वारंवारतेच्या स्थिरतेबद्दल किटाच्या बाजूने बोलायला हवं. २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल एक पीपीएम (दहा लाखांत एक भाग) सरकला तर २० मीटरवर सिग्नल १४ हर्ट्झ सरकतो, ४७५ किलोहर्ट्झवर अर्धा हर्ट्झसुद्धा नाही. त्यामुळे साधा डब्ल्यूएसपीआर इथे जीपीएस दुरुस्तीशिवायही वारंवारतेत बसतो. पण वेळेसाठी जीपीएस लागतोच, कारण किटाचं घड्याळ काही दिवसांत सेकंदांनी मागे-पुढे होतं आणि दोन सेकंदांच्या पुढे चुकलं की वाचन बंद. जीपीएसची अँटेना पत्र्याखाली ठेवू नका, खिडकीत किंवा कौलांखाली चालते.

उणीव सांगायची तर एकच मोठी आहे. या बँडांसाठी खास बनवलेला एफएसटी४डब्ल्यू हा मोड डब्ल्यूएसजेटी-एक्स या सॉफ्टवेअरमध्ये २०२१ साली आला. १२० सेकंदांच्या प्रकारातही तो डब्ल्यूएसपीआरपेक्षा दीडेक डेसिबलने सरस आहे, आणि १८०० सेकंदांचा प्रकार तर सगळा सिग्नल अर्ध्या हर्ट्झच्या आत बसवतो. किटाचं फर्मवेअर त्याच्या आधीचं असल्यामुळे तो त्यात नाही. डब्ल्यूएसपीआर-१५ आहे, आणि तो साध्यापेक्षा ९ डेसिबल खोल जातो, पण तो ऐकणारे मोजकेच. समोरच्याशी आधी ठरवून वापरायचा असेल तरच त्याचा उपयोग. एफएसटी४डब्ल्यू हवा असेल तर कॉम्प्युटर, साउंड कार्ड आणि ट्रान्सव्हर्टर (वारंवारता बदलून देणारं जोडयंत्र) हा मार्ग धरावा लागेल, आणि मग बॅटरीवर एकट्याने चालणाऱ्या बीकनचं सुख संपलं.

कॉइल

इथे कोल्हापूरकर नशीबवान आहेत. शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगवाल्यांना लागणारी वाइंडिंग वायर किलोवर मिळते. कोणत्याही गेजची, पाव किलोसुद्धा. १८ गेज मागा. ३५० ग्रॅम घेतली की ३० मीटर कॉइलला आणि वर थोडी शिल्लक. तांब्याचीच आहे ना ते विचारून घ्या. हल्ली अॅल्युमिनिअमची वाइंडिंग वायरही तशीच दिसते. टोक खरवडलं की कळतं.

फॉर्मर म्हणून १६० मिलिमीटरचा करड्या किंवा पांढऱ्या पीव्हीसीचा पाइप, २५० मिलिमीटर लांब. काळा पाइप टाळा. त्याला काळा करायला कार्बन घातलेला असतो आणि तोटा वाढू शकतो. १८ गेजचे ६० वेढे शेजारी शेजारी घट्ट बसवले की लांबी ७८ मिलिमीटर होते आणि इंडक्टन्स ६१० मायक्रोहेन्रीच्या जवळ येतो. आपल्याला ५३५ हवेत, म्हणजे सुमारे ५५ वेढे. पाच जास्त मुद्दाम, कारण तुमच्या अँटेनाची कपॅसिटी कागदावरच्या हिशेबाशी जुळेलच असं नाही. ४६ व्या वेढ्यापासून पुढे दर दोन वेढ्यांना टॅप काढा. टॅप काढताना तार तोडायची नाही. वेढ्याखाली काडेपेटीची काडी सरकवून तेवढा भाग उचला, एनॅमल खरवडा, छोटी तार सोल्डर करा आणि शेजारच्या वेढ्याला ती चिकटत नाही हे पाहा. दोन वेढे एकमेकांना चिकटले तर तो बंद वेढा होतो, कॉइलचा क्यू (गुणवत्ता) कोसळतो आणि तेवढा भाग तापतो. रिवाइंडिंगवाला मायेने पूर्ण कॉइल व्हार्निशमध्ये बुडवून देतो म्हणेल. नको म्हणा. जाड थराने वेढ्यांमधली कपॅसिटी आणि तोटा दोन्ही वाढतात. पातळ एक हात पुरे.

बारीक ट्यूनिंगसाठी ११० मिलिमीटर पाइपाचा ५० मिलिमीटर लांबीचा तुकडा घ्या, त्यावर १२ वेढे द्या, आणि तो मोठ्या पाइपाच्या आत लाकडी किंवा फायबरच्या दांडीवर फिरेल असा बसवा. तिरका फिरताना त्याचा कर्ण १२१ मिलिमीटर होतो, म्हणजे आत आरामात फिरतो. हे वेढे मोठ्या कॉइलच्या सिरीजमध्ये. यालाच व्हेरिओमीटर म्हणतात. अर्धा फेरा फिरवला की इंडक्टन्स पन्नासेक मायक्रोहेन्री वर किंवा खाली जातो. दांडी लोखंडी नको, आणि फिरवायची मूठ कॉइलपासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर हात जवळ आला की ट्यूनिंग बदलतं.

टेबलावरच तपासणी करून घ्या. २२० पिकोफॅरडचा एक किलोव्होल्टचा कपॅसिटर आणि ३३ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडला की ही नकली अँटेना झाली. नॅनोव्हीएनए हा अँटेना तपासायचा छोटा मीटर ५० किलोहर्ट्झपासून मोजतो, त्यामुळे या कामाला तो पुरतो. एचएफचा, म्हणजे वरच्या बँडांसाठीचा, एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाची जुळणी दाखवणारा) इथे वापरू नका. बहुतेक मीटर १.८ मेगाहर्ट्झच्या खाली खोटं दाखवतात.

जुळणीचा ट्रान्सफॉर्मर एफटी१४०-४३ टोरॉइडवर १२ वेढ्यांचा, ७ पासून १२ पर्यंत प्रत्येक वेढ्याला टॅप. ट्रान्समीटर १२ व्या टॅपवर, कॉइलचं खालचं टोक ९ व्या किंवा १० व्यावर, असं ३० ते ३५ ओहमला जुळतं. पुढे पावसात तोटा बदलला की फक्त टॅप बदलायचा.

तार आणि आर्थिंग

या अँटेनाला ३० ओहम तोटा असेल तर बँडविड्थ ९ किलोहर्ट्झ येते. पाऊस लागून अँटेनाची कपॅसिटी दोन टक्के वाढली तर रेझोनन्स पावणेपाच किलोहर्ट्झ खाली सरकतो, म्हणजे जवळपास पट्ट्याच्या बाहेर. त्यामुळे जून ते सप्टेंबर व्हेरिओमीटरला रोज हात लावावा लागतो, त्यात नवल नाही.

आधाराला नारळ चालतो, पण तार झाडापासून नायलॉनच्या दोरीने दोन-तीन मीटर लांब ठेवा. ओल्या झावळ्या पॉवर खातात. उसाच्या फडावरून आडवी तार नेऊ नका. दहा-बारा फुटांचा हिरवा ऊस खाली उभा राहिला की अँटेनाची प्रभावी उंची तेवढी कमी होते आणि तोटा वाढतो, आणि लागणीच्या वेळी मोजलेले आकडे तोडणीपर्यंत टिकत नाहीत. बांधावरून किंवा पडीक तुकड्यावरून न्या. टोकांना विजेच्या खांबाच्या ताण-तारेत असतो तसला चिनी मातीचा इन्सुलेटर उत्तम. महावितरणच्या लाइनपासून अंतर एवढं ठेवा की खांब पडला, तार तुटून वाऱ्याने उडाली तरी लाइनला लागणार नाही. यात तडजोड नाही.

आर्थिंगवर जेवढं लक्ष द्याल तेवढं कमी. पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी माती ओली असताना वीज फार छान वाहते. उन्हाळ्यात तीच माती आकसते, भेगा पडतात, आणि रॉडच्या भोवती बोटभर फट दिसते. रॉड जमिनीत असतो पण जमिनीला टेकलेला नसतो. म्हणून एका खोल रॉडवर विसंबू नका. कॉइलच्या पायापासून चहूकडे १० ते १५ मीटरच्या १६ तरी तारा दोन-तीन इंच खोल पुरा. घराच्या वायरिंगमधून काढलेली जुनी वायर चालते. बोअरची लोखंडी केसिंग जवळ असेल तर तीही जोडा, ती खोलवर ओलीपर्यंत पोहोचलेली असते. पन्हाळ्याच्या बाजूला जांभ्या दगडावर किंवा पातळ मातीखाली कातळ असेल तिथे रॉड ठोकण्यात वेळ घालवू नका, तारांची संख्या दुप्पट करा. प्रत्येक चार तारांनंतर नॅनोव्हीएनएवर रेझोनन्सचा रेझिस्टन्स पाहा. तो एका ओहमनेही उतरेनासा झाला की थांबा.

पेठेतल्या गच्चीवरून हे जमतं का, असं बरेच जण विचारतात. ऐकायला जमतं. पाठवायला आजूबाजूच्या इमारती, स्लॅबमधलं लोखंड आणि केबलवाल्यांच्या तारा अँटेनाला झाकून टाकतात, आणि जमिनीपर्यंतची आर्थ वायरच दहा मीटरची होते.

करंट मोजायला एफटी५०-४३ वर २० वेढे, त्यातून अँटेनाची तार एकदा आरपार, २० वेढ्यांवर ४७ ओहम, एक जर्मेनियम डायोड, एक कपॅसिटर आणि साधा मल्टिमीटर. ०.४ अँपिअरला एक व्होल्टच्या थोडं वर दिसतं. व्हेरिओमीटर फिरवून हा आकडा जास्तीत जास्त करायचा, एवढंच ट्यूनिंग. कॉइलचं वरचं टोक पाच वॉटवरही साडेसहाशे व्होल्टवर असतं, बोट लावलं तर भाजतं. कॉइल प्लास्टिकच्या बादलीखाली झाका आणि गोठ्याच्या, मुलांच्या वाटेपासून दूर ठेवा.

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो वाजतगाजतच येतो. घराच्या बाहेर नाइफ स्विच लावून, स्टेशन बंद करताना अँटेना थेट जमिनीला जोडण्याची सवय हवी. अँटेना आणि जमीन यांच्यामध्ये एक मेगाओहमची दोन-तीन रेझिस्टरांची माळ कायम ठेवली तर कोरड्या वाऱ्यात साठणारा स्थिर भार निघून जातो. वीज पडण्यावर तो उपाय नव्हे.

पॉवर वाढवायची तर

आयआरएफ५४० हा मॉसफेट आणि त्याला चालवणारा टीसी४४२७ ड्रायव्हर, बारा व्होल्ट, पाच-दहा वॉट, एवढ्यात काम होतं. या वारंवारतेला हे स्वस्त मॉसफेट सहज पळतात. घोटाळा एका जागी होतो. क्यूआरएसएसमध्ये दोन डॉटांच्या मध्ये किटाचा आउटपुट थांबतो. ड्रायव्हरची इनपुट त्या वेळी वर अडकली तर मॉसफेट बंदच होत नाही आणि ड्रेन चोकमधून सगळा सप्लाय जमिनीला जातो. सिंथेसायझरकडून येताना सिरीजमध्ये १० नॅनोफॅरड, मग इनपुटपासून जमिनीला १० किलोओहम आणि त्याला समांतर एक शॉटकी डायोड, कॅथोड इनपुटकडे. सिग्नल थांबला की इनपुट आपोआप खाली येते. सप्लायमध्ये दोन अँपिअरचा फ्यूज तरीही ठेवा. आणि या अँप्लिफायरच्या मागे, अँटेनाच्या बाजूला, लो-पास फिल्टर पुन्हा लागतो. किटावरचा छोटा फिल्टर इथे उपयोगाचा नाही.

ऐकणं

पाठवण्याआधी आठवडाभर ऐका. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी यंत्रं) आणि फाउंड्रीतल्या इंडक्शन फर्नेसचा गोंगाट असतो. घरात एलईडी बल्ब, चार्जर आणि सोलरचा इन्व्हर्टर. मेन स्विच पाडून बॅटरीवर रिसीव्हर चालवला की आपल्या घराचा वाटा किती ते लगेच कळतं. ऐकण्यासाठी पाठवायची अँटेना वापरू नका, घरापासून लांब एक छोटा लूप किंवा मिनी-व्हिप (ऐकण्यापुरती छोटी अँटेना) जास्त स्वच्छ ऐकवतो. कॉम्प्युटरला जोडायच्या साध्या आरटीएल-एसडीआर व्ही३ रिसीव्हरचं थेट सॅम्पलिंग ५०० किलोहर्ट्झपासून वर आहे, त्यामुळे ४७५ साठी तो विकत घेऊ नका. किवी एसडीआर हा रिसीव्हर १० किलोहर्ट्झपासून ऐकतो. इंटरनेटवर खुले असलेले किवी रिसीव्हर वापरून आपलाच बीकन दुसऱ्या गावाहून पाहता येतो, आणि त्यांच्यात डब्ल्यूएसपीआर वाचायची सोय आत असते.

लूप आणि लॅपटॉपचं साउंड कार्ड ठीक चालतं का हे पाहायचं असेल तर १८.२ किलोहर्ट्झ लावा. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या आयएनएस कट्टबोम्मन या नौदल केंद्राचा हा अति-निम्न वारंवारतेचा सिग्नल आहे. ४८ किलोहर्ट्झने सॅम्पल करणारं साधं साउंड कार्ड २४ किलोहर्ट्झपर्यंत पाहतं, म्हणजे रिसीव्हरही लागत नाही. केंद्र चालू असताना स्पेक्ट्रमवर तो दिसला नाही तर लूपमध्ये किंवा घरच्या गोंगाटात दोष आहे.

दिवसा ४७५ वर आयनावरणाचा डी थर सिग्नल गिळतो, तेव्हा फक्त जमिनीलगतची लाट जाते. लांबच्या नोंदी रात्रीच्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यात चांगले महिने, कारण तेव्हा विजांचा कडकडाट दूर गेलेला असतो. वळवाच्या महिन्यात पाच वॉटही कमी पडतात, थंडीत किटाचे २०० मिलीवॉट पुढे पोहोचतात. कॉइल आणि आर्थिंग दिवाळीपर्यंत तयार ठेवा.

मागवताना किटासोबत जीपीएस, ६३० मीटरचा (म्हणजे ४७५ किलोहर्ट्झच्या बँडचा) फिल्टर आणि पुढे बँड बदलायचा असेल तर ४० मीटरचाही फिल्टर एकाच पार्सलमध्ये घ्या, साठा आहे का ते आधी पाहा, आणि परवान्याची प्रत कस्टमसाठी हाताशी ठेवा. बीएस१७० चार-पाच जास्तीचे घ्या, आधी तेच जातात. टोरॉइड तिकडूनच घ्या. स्थानिक दुकानात हिरवा-पिवळा दिसला म्हणून उचललेला टोरॉइड कोणत्या मिक्सचा (मिश्रणाचा) आहे ते सांगता येत नाही, आणि ४३ च्या जागी लोहचूर्णाचा टोरॉइड आला तर १२ वेढ्यांत पुरेसा इंडक्टन्स मिळत नाही. पाइप, वायर, दोरी, इन्सुलेटर, फ्यूज आणि आयआरएफ५४० साठी गावाबाहेर जायची गरज नाही.